पट्टा मागे हवा

बिबवेवाडीतल्या चपलांच्या दुकानात उत्कर्षा एका पायात नवा बूट घालून दुसऱ्याची वाट बघत बसली होती. दुकानदार शेजारच्या काका-काकूंत अडकला होता.

"पाण्यात घालायचे सँडल दाखवा. रविवारी पानशेतला कयाक चालवायला जातेय मी," काकू म्हणाल्या.

"मागे पट्टा हवा. नाहीतर ही पानशेतला आणि चप्पल वाहत खडकवासल्याला."

"हे घ्या काका, पट्ट्याचे."

"तळाला भोकं कशाला?"

"पाणी निघून जायला."

"म्हणजे तिथूनच आत येणार."

"अहो, होडीत बसल्यावर पाय भिजणारच. मला आवडले, घेऊ या."

"थांब, शालन. ओल्या फरशीवर घसरतात का बघू. पाण्याची बाटली दे."

"काका, फरशी पुसणार कोण?"

"मी पुसतो. आहे काय त्यात?"

पाणी ओतलं गेलं. उत्कर्षाने पाय वर घेतले. काकू ओल्या फरशीवरून ऐटीत दोन फेऱ्या मारून आल्या आणि काका फडकं घेऊन वाकले.

"झालं समाधान? आता तुम्ही काय घालणार?"

"मी काठावर बसणार, डबा आणि टॉवेल सांभाळत. माझ्या याच चपला चालतील."

"आणि मी उलटले तर?"

फडकं थांबलं.

"लाइफ जॅकेट देतात ना ते लोक?"

"देतात. पण उलटले तर?"

काका गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"अहो, आठ नंबरात आहेत का हेच?"

"आठमध्ये फक्त पोपटी उरलेत, काका."

"पट्टा मागे आहे ना? मग द्या."