तळ्यातली मिशी

हो, बरोबर दिसलं तुम्हाला, लाट नाहीये ती, मिशी आहे. — आता एवढं वाकून बघितलंत म्हणून सांगते, नाहीतर सकाळपासून इतकी माणसं येऊन गेली, कुणाला म्हणून शंका आली नाही. त्या खिडकीतून उजेड तिरका पडतो ना, तो घात करतो. समोरून बघा — तळं. दुपारचं, निळं, शांत. नावसुद्धा तेच दिलंय, ‘दुपारचं तळं’. माहितीपत्रकात त्या समीक्षकांनी लिहिलंय बघा, पाण्याखाली एक दबलेली अस्वस्थता जाणवते म्हणून. अस्वस्थता कसली, माझे वडील आहेत खाली.

नाही, ते विकायचं नाही. किंमत लावलीय, हो — ती गॅलरीवाल्या बाईंनी लावलीय. मला विचारून लावलीय, पण तेव्हा मी दुसऱ्या एका मीटिंगमध्ये होते आणि त्या दिवशी मी सगळ्यांनाच हो म्हणत होते. तुम्ही ते शेजारचं घ्या, शिडीचं. त्याच्याखाली कुणी नाही.

का म्हणजे, कॅनव्हास नव्हता हो. तुम्हाला वाटत असेल चित्रकार म्हणजे खिडकीत बसून ढग बघायचे. माझं बघा — सोमवारी बँकेच्या भिंतीसाठी मीटिंग, त्यांना झाड हवं, पण एकही पान गळताना दिसायला नको. मंगळवारी शाळेत परीक्षक. मग फ्रेमवाला, तो म्हणतो उद्या या, आणि उद्या गेलं की म्हणतो, उद्या या म्हटलं होतं ना. स्केचबुक भरायचं ते बसमध्ये, नाहीतर दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत. निम्मी माणसं माझी गालाला हात लावून बसलेली आहेत, लोक म्हणतात केवढं चिंतन. त्यात बाईंचा फोन — मधल्या भिंतीला मोठं काहीतरी लागतंय, परवा द्या. मग हाताला लागलं ते घेतलं. त्यावर बाबा होते.

बाबांना माझं चित्रं काढणं कधी कळलंच नाही. नावं नाही ठेवायचे, फक्त विचारायचे, ‘आणि मग दिवसभर काय करतेस?’ एका प्रदर्शनाला आले असतील तर शपथ. आई गेली आणि मग एक दिवस आपणहून म्हणाले, माझं काढ. रविवारी यायचे. तपकिरी कोट, सगळी बटणं लावलेली, ताठ बसायचे. आणि बोलायचे — एरवी मी त्यांच्याकडे गेले की फोन वाजतो, मी उठते, बोलणं तिथंच राहतं. काढताना उठता येत नाही ना. मिशीला मी सुरीने जाड रंग चढवला, म्हणाले, इथे कंजुषी करू नकोस.

आज येणारेत ते. फिरायला जाणारी सगळी मित्रमंडळी घेऊन. सगळ्यांना सांगून ठेवलंय, ‘मधल्या भिंतीवर मी आहे.’ तसं खोटं नाहीये ते. चित्र काढताना मीच त्यांना सांगितलं होतं, मधली भिंत तुमची. कोटही तोच घालून येणारेत, मित्रांना ओळखायला सोपं जावं म्हणून.

आणि शहाणपणा बघा माझा — तेलरंगावर ॲक्रिलिक देऊ नये, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते. खाली तेल, वर पाण्यात कालवलेला रंग, तो धरून राहत नाही, आज ना उद्या सुटतो. इथे बघा, डावीकडे, पापुद्रा आलाय. म्हणून म्हणते घेऊ नका. तुमच्या हॉलमध्ये तळं गळून पडेल आणि माझे बाबा तुमच्याकडे बघत बसतील, कोट घालून.

कोरा कॅनव्हास? कोरा होता की. दोन होते, दाराशीच. — तुम्हीही ना, नको तिथे बोट ठेवता. शेवटच्या रविवारी चेहरा पुरा झाला. बाबा उठून आले, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता म्हणतील नाक मोठं झालंय. म्हणाले, ‘छान झालं. माझ्यामागे फोटो शोधायला नको. आईच्या वेळी किती धावपळ झाली तुझी.’ आणि म्हणाले, चहा टाक. टाकला मी. पण ते गेल्यावर मला त्या चित्राकडे बघवेना. हुबेहूब जमलं होतं, आणि ते कशासाठी ठेवायचं ते त्यांनी सांगून ठेवलं होतं. मला नाही ठेवायचं. भीती वाटली हो मला, दुसरं काय. म्हणून मग बाईंचा फोन आला तेव्हा — नाही, फोन नंतर आला. तळं आधी झालं.

आले. जिन्यात काठी वाजतेय. तुम्ही तिथेच उभे राहा. थोडं डावीकडे या, मिशी झाकली पाहिजे. आणि बोलू नका काही.

या बाबा. या काका, या सगळे. हो, हीच मधली भिंत. — तळं आहे, हो. नाही, तुम्ही आहात. म्हणजे, खाली आहात. बाबा, मी — बाबा, चित्राला हात नाही लावायचा, ती पाटी आहे बघा. — पापुद्रा निघाला? निघू दे. हळूच, कडेला धरून ओढा. कान आहे तो तुमचा. — रविवारी? रविवारी माझी मीटिंग — नाही, काही नाहीये. या तुम्ही. कोरे आहेत दोन. सावकाश करू बाबा, पुरं करायची घाई नाही. — अहो, सरका ना तुम्ही आता. मिशी बघायचीय त्यांना.