डुलकीचा होकार

“हॅलो? … हॅलो, कर्जत का? … हो, भिंगारहून. जोडा हो, जोडा… हॅलो? कोण, मालन का? … अगं मी. आक्का बोलतेय, तुझी वन्सं.”

आक्काबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू भावजय समोरच उभी होती. शेजारच्या सुभेदारांच्या घरातला हा काळा फोन खिडकीशी, विणलेल्या रुमालावर असे. सुभेदारीणबाईंनी सकाळीच एक्स्चेंजला कर्जतचा नंबर सांगून ठेवला होता. आता दुपारी घंटा वाजली तशा त्या मेथीची जुडी उचलून मागच्या पडवीत जाऊन बसल्या.

“सगळं बरं आहे गं… हो, हेही बरे आहेत, डेपोत गेलेत कामावर… नाक? नाक मोकळं झालं. … हो, हो, गोळीनंच. अगदी छान मोकळं झालं. त्या गोळीचंच विचारायला फोन केलाय. … नाही, कुणी आजारी नाही. अगं ऐक ना…

“तू दिलेल्यातली एक माझ्या पदराच्या गाठीला राहिली होती. … हो, तीच, पिवळी. काल चांगुणा आली होती हॉस्टेलातून, तिला दाखवली. नर्सिंगची पोर, तिला ओळखू येतं. म्हणाली, आई, हे एका गोळीत दोन औषधं आहेत. … दोन गं, दोन. आपलं नाक चोंदतं ना, ते नुसतं शेंबडानं नाही म्हणे. आतल्या बारीक शिरा सुजतात, रक्तानं फुगतात, मग वाऱ्याला वाट राहत नाही. एक औषध त्या शिरा आवळून धरतं. … हो, म्हणून मोकळं वाटतं. आणि दुसरं शिंका थांबवतं, नाक गळायचं थांबवतं. कडब्याच्या धुळीनं मला झालं होतं ना, त्यावरचं ते. … गुणाचीच आहे गं गोळी, मी कुठे नाही म्हणते? पण ते दुसरं औषध आहे ना मालन, त्यानं झोप येते.”

आक्काबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? … आहेस का? … हं. मला वाटलं लाईन गेली.

“तुला माहीत नव्हतं. … बरं. … नाही गं, रागावले नाही. मग एवढंच सांग, एक घ्यायची तिथं दोन का दिल्यास? … दिल्यास की. एक सकाळी, माझी पूजा झाल्यावर. दुसरी पाहुणे यायच्या आधी. मी तुला बोटानं दाखवलं, एक घेतलीय म्हणून. तू काय म्हणालीस? ‘वन्सं, ही घ्या, म्हंजे पाव्हण्यांपुढं शिंक यायची न्हाई.’ … हो. नाही आली शिंक.”

आक्काबाईंनी बोटानं दाखवलं होतं, कारण तो सोमवार होता. चांगुणा अंगावर पिती असताना तिला डांग्या खोकल्यानं धरलं होतं. पोर निळी पडायची. तेव्हा आक्काबाईंनी महादेवाला नवस बोलून टाकला होता, आणि तेव्हापासून दर सोमवारी उठल्यापासून तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लागेपर्यंत उपास आणि मौन. हो म्हणायचं तर मान हलवायची, नाही म्हणायचं तर हात. भिंगारच्या दूधवाल्यापासून कर्जतच्या माहेरापर्यंत सगळ्यांना ही भाषा येत होती.

भाऊबीजेला त्या माहेरी गेल्या होत्या. गेल्या सोमवारी भावाच्या ओसरीवर भिमाजीराव आले, चार माणसं घेऊन. आपल्या मुलासाठी त्यांना चांगुणा हवी होती, आणि तीही माघातच, शिक्षण थांबवून. चहा झाला. भावानं, काकासाहेबांनी, सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं, “काय आक्का, द्यायची ना चांगुणा?” आणि आक्काबाईंची मान खाली गेली. वर आली, पुन्हा खाली गेली. तिथंच सुपारी फुटली.

“मी मान हलवली नव्हती, मालन. मान पडली होती. … अगं तोंड कोरडं ठाक, छातीत धडधडतंय, आणि पापण्यांवर कुणी दगड ठेवलेत असं झालेलं. जागी झाले तर ओटीत नारळ. मला वाटलं कुणाच्या घरचा प्रसाद आला. मी तो कपाळाला लावला. तुम्ही सगळे हसलात. मला वाटलं, माझ्या भक्तीचं कौतुक करतात.

“दिवा लागल्यावर विचारलं होतं ना मी. काकासाहेब म्हणाला, ‘तूच तर हो म्हनलीस आक्का, चार मान्सांनी बघितलं.’ मला आठवेना. म्हटलं, हलवली असेल. व्रतात केलेली खूण, ती खोटी कशी म्हणायची? आठवडाभर मी मलाच बोल लावत बसले. ह्यांना सांगितलं, माझ्याच तोंडून… तोंडून नाही, मानेतून गेलं. … अगं, मला बोलू दे.

“दिसलं नसेल? कुणाला दिसलं नसेल? तू माझ्या शेजारी बसली होतीस, मालन. माझ्या हातातला पाण्याचा पेला तू अलगद काढून घेतलास. सांडेल म्हणून. … तेवढं आठवतंय मला. ते तर आठवतंय. … मग तुला दिसत होतं ना, मला डुलकी लागलीय ते? … मग तेव्हाच बोलायचं होतंस की गं, वन्सं पेंगताहेत म्हणून.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की पलीकडून बहुतेक ‘ऐकू येत न्हाई’ म्हणून सांगितलं गेलं, कारण त्यांनी रिसीव्हर तोंडाशी ओढून घेतला.

“म्हटलं, बोलायचं होतंस. … काय? … बाग? लिंबाच्या बागेचा इथं काय संबंध? … हो, वाळलीय, पाहिली मी. यंदा कुणाची नाही वाळली? … भिमाजीरावांच्या विहिरीला पाणी आहे… बरं… पाईप टाकून… हं. … हं. … म्हणजे पोरगी तिकडे आणि पाणी इकडे. … रडू नकोस गं. रडत बोललीस तर मला कळत नाही. … कधी ठरलं हे? … दिवाळीच्या आधी?”

आक्काबाई खिडकीच्या चौकटीला टेकल्या. इतक्या वर्षांत भाऊ कधी न्यायला आला नव्हता. एसटीनं ये, एवढा निरोप यायचा. यंदा स्वतः दारात उभा राहिला होता. ‘आक्का, चल.’ त्यांनी त्या दिवशी शेजारीपाजारी सगळ्यांना हौसेनं सांगितलं होतं.

“म्हणून तो न्यायला आला. … नाही, काही नाही. माझी मीच बोलले.

“मुलगा वाईट आहे असं मी कधी म्हटलं? असेल सोन्यासारखा. पण तिचं वर्ष राहिलंय गं. मी शब्द दिलाय तिला. काल ती गोळी हातावर घेऊन बसली होती, आणि मला विचारते, ‘आई, तू खरंच मान हलवलीस?’ … पोटची पोर, मालन. आईला असं विचारायची वेळ आली तिच्यावर.

“हॅलो… हो, एक्स्चेंज का? … वेळ वाढवा, वाढवा हो. बोलायचंय अजून. … हं, मालन. मागं आवाज कसले? कोण आलंय? … भिमाजीराव? आज? … तारीख धरायला? … पुन्हा सोमवारच बघितलात.”

आणि इथं पलीकडे काहीतरी ध्यानात आलं असावं.

“हो. सोमवारच आहे आज. … हो, बोलतेय मी. … नाही, दिवा कुठला, दुपार आहे ही. … मोडलं. मोडलं म्हणजे मोडलं. देवाचं आणि माझं मी बघीन, त्याची काळजी तू करू नकोस. काकासाहेबाला दे फोन. … आहे तो घरात, मला त्याचा खाकरा ऐकू येतोय. दे.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, महादेवाचं नाव असेल, नाहीतर क्षमा.

“काकासाहेब? … नाही, तू ऐक. … नाही, रडत नाहीये. नाक चोंदलेलं नाही माझं आज, आवाज स्वच्छ आहे बघ. मालननं सांगितलं सगळं. … तिला नको बोलूस. गोळी तिनं दिली, विचारलंस तू. … पाणी हवं होतं तर मला म्हणायचंस, ‘आक्का, बाग जळतेय, काय करू?’ मी अंगावरचं विकलं असतं. तू माझ्या पोटाला हात घातलास. … काय म्हणतोस? … चार माणसांत तुझी मान खाली जाईल? माझी गेली, तेव्हा तू सुपारी फोडलीस, काकासाहेब.

“भिमाजीरावांना दे फोन. … दे. … नाही देत? मग संध्याकाळच्या एसटीनं येते आणि त्यांच्या दारात बसून सांगते. … हं. दे.

“नमस्कार, पाहुणे. … हो, मीच, चांगुणाची आई. … नाही, नाही, आनंदाचं नाही काही. ऐकून घ्या माझं. त्या दिवशी मी सर्दीच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनी झोप येते. मी तुमच्यापुढं बसल्या बसल्या झोपले होते. तो होकार नव्हता. … हो. आज शुद्धीत, तोंडानं सांगते. शिक्षण पुरं झाल्याशिवाय तिचं लग्न करायचं नाही. नारळ मी परत पाठवते. तुमच्या मुलाला दुसरी चांगली मुलगी मिळो. … … काय? … काय सांगितलं होतं तुम्हाला?”

आक्काबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. पलीकडचा म्हातारा माणूस सावकाश, अदबीनं बोलत असावा, कारण त्या मध्येच दोनदा “हो” म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा त्यांचा हात कपाळाशी गेला.

“माझी सोमवारची मान म्हणजे महादेवाचा कौल… असं काकासाहेब म्हणाला? … तुमच्या घरी येऊन? … म्हणून तुम्ही मला हात जोडलेत. मला अंधुक दिसलं होतं, पण का ते कळलं नव्हतं. … नाही हो. कौल कसला. मी साधी बाई आहे, लेकरासाठी गप्प बसते, एवढंच. … तुमचा दोष नाही, पाहुणे. देवाच्या नावावर तुम्ही विश्वास ठेवलात. मी भावाच्या नावावर. … नाही, त्याला आता फोन देऊ नका. … नको म्हणते ना… कोण? काकासाहेब? …”

पलीकडून भाऊ काहीतरी घाईघाईनं बोलू लागला होता. आक्काबाईंनी डोक्यावरचा पदर पुन्हा सारखा केला. मग मध्येच एक्स्चेंजच्या बाईचा आवाज आला.

“हो? … वेळ संपली का? … नको, आता वाढवू नका, बाई. … नाही, नाही, लाईनची काही तक्रार नाही. सगळं स्वच्छ ऐकू आलं.”

आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.