उमेदवाराच्या पायावरची कळशी

तुम्ही हसाल, पण त्या लोकसभेला विरोधी पक्षाच्या प्रचाराला मीही हातभार लावलाय, आणि तोही चुकून.

आपला लातूर जिल्हा नवाच झाला होता, पाऊस मात्र फिरकत नव्हता. अहमदपूरला आमच्या गल्लीत टँकर चार दिवसांनी यायचा. माझ्या लहानग्या मुन्नीला जुलाब लागलेले आणि घरात शेवटची एक कळशी. तेवढ्यात यांचे मित्र, विरोधी पक्षाचे कार्यकर्ते सुधाकरभाऊ दारात हजर.

"वहिनी, उमेदवार आलेत. पायावर पाणी घाला, ओवाळा."

"भाऊ, लेकरासाठी ठेवलंय हो ते."

"लई नको, तांब्याभर. कोरड्या पायानं ओवाळलं तर बरं दिसंल का?"

मला मेलीला नाही म्हणता येतं कुठं! कडेवरच्या मुन्नीला सावरत कळशी उंबऱ्यावर ठेवली आणि तांब्या आणायला आत वळले. तेवढ्यात भाऊंनी उत्साहात अख्खी कळशी साहेबांच्या पायावर रिकामी केली. शेजारच्या खाला ओरडल्या, "या अल्ला! बीमार पोरीचं पाणी होतं ते!"

साहेबांनी हात जोडले, चपला झटकल्या आणि मंडळी पुढच्या गल्लीत गेली. मी मुन्नीला कडेवर घेऊन तशीच उभी. थोड्या वेळानं भोंग्यातून साहेबांचा गहिवरलेला आवाज आला,

"आत्ताच मागच्या गल्लीत एक माय पाहिली. कडेवर आजारी लेकरू, आन् घरात पाण्याचा थेंब न्हाई!"

टाळ्या पडल्या. आता याला खोटं तरी कसं म्हणू?