नाव कापायची अक्कल

माझा जन्म कर्नाटकातल्या, म्हाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्याजवळचा आनि सगळी नोकरी गेली सरकारी आरोग्य केंद्रात, शिपाई म्हणून, त्यामुळं काय सांगू तुम्हाला, सगळं खातं मला तोंडपाठ. खाली उपकेंद्र, तिथं नर्सबाई. वर प्राथमिक केंद्र, तिथं डॉक्टर, आले तर. त्याच्यावर तालुका, त्याच्यावर जिल्हा. आजारानं चिठ्ठी घेऊन एक एक पायरी चढायची. मधी एखादे साहेब यायचे, म्हणायचे आता सुधारणा, मग आमी जुन्या बोर्डावर नवं नाव रंगवायचो, रंग वाळायच्या आत फोटो, झाली सुधारणा. डॉक्टरची खुर्ची तशीच मोकळी. शिडी मीच धरायचो, आनि मलाच वाटायचं, लई मोठं काम केलं.

रिटायर झालो आनि आमच्या कारभारणीच्या, शेवंताच्या, छातीत दुखाय लागलं. डॉक्टर म्हनले, हृदयाची झडप खराब हाय, ऑपरेशन लांबवू नका. बेळगावला आमच्या कर्नाटकाच्या कार्डावर फुकट झालं असतं. पन मी शहाणा! बेळगावची रांग कोण धरतंय, कोल्हापूर जवळ, तिचं माहेर कागलचं. म्हनलं तिचं नाव आमच्या रेशन कार्डातनं काढायचं, तिच्या भावाच्या कार्डात घालायचं, म्हाराष्ट्राच्या योजनेत काम फत्ते. मेव्हणा म्हनला, दाजी, असं चालतंय व्हय? मी म्हनलं, गप रं, मी खात्यात जन्म काढलाय.

नाव कापलं, आनि कापायचं काम बघा, एका दिवसात. मग कागलला गेलतो, तितला क्लार्क म्हनला, आधारवरचा पत्ता कर्नाटकातला, हितं नाव घालता येत न्हाय. उलट्या पावली बेळगावच्या एका दवाखान्यात आलो, खिडकीवरचा म्हनला, कार्डात पेशंटचं नावच न्हाय. म्हनलं, ही काय समोर बसलीया की, धाप लागल्याली! तो म्हनला, दिसत्यात, पन सिस्टीममधी न्हाईत. त्याला मान वर करायची बी गरज वाटली न्हाय. बाहेर बाकड्यावर शेवंता म्हनली, आयुष्यभर माणसास्नी चिठ्ठी आणा, चिठ्ठी आणा म्हनून हाकलत हुतासा, आता बसा.

बसलो. ह्या टेबलावरनं त्या टेबलावर, साहेब मीटिंगला, मशीन बंद, उद्या या. नाव परत घालाय सहा म्हैने गेले. तवर ती अंगणापत्तर चालंना झाली. शेवटी कार्ड घेऊन गेलो तर डॉक्टर म्हनले, आदी आला असता तर झडप बदलून भागलं असतं, आता हृदयच दमलंय, ऑपरेशन सोसायचं न्हाय, गोळ्या देतो. खात्याला शिव्या घालाय तोंड उघडलं, पन पयली शिवी मलाच बसत हुती.

आता ती कट्ट्यावर बसून शेंगा सोलती, मी भाकरी करतो, करपवतो. गावातली माणसं अजून येत्यात, आप्पा, कुठल्या दवाखान्यात जाऊ, तुमाला सगळं ठावं. मी घसा खाकरायच्या आत शेवंता वरडती, ह्यास्नी इचारू नगा, सरळ डॉक्टरकडं जावा, बाबानू, देव तुमचं बरं करू दे.