माळावर लावलेला टँकर

हसू नका, पण कडक थंडीत गाडी एका झटक्यात सुरू झाली की मला अजून भ्या वाटतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. दुष्काळ होता अन् मी पाण्याचा टँकर चालवायचो. एका वाडीतली समदी माणसं ऊसतोडीला गेलेली. मातीच्या घागरी मात्र विहिरीपाशी रांगेत ठेवलेल्या, परत आल्यावर नंबर जाऊ नये म्हणून. मी म्हणलं, रिकाम्या वाडीला कशाला पाणी? भरला टँकर तसाच माळावर बाकीच्या गाड्यांशेजारी आणून लावला, चावी खिशात.

सकाळी लई बोचरं वारं. एकाही गाडीचं इंजन उठेना. डायवर लोक इंजनाखाली जाळ करून बसलेले. माझा टँकर मात्र पहिल्याच सेल्फला सुरू! शेजारच्या ट्रकचे गफूरमामा बॉनेटला हात लावून म्हणले, "आत्ताच कुठून आलास रं?"

"कुठून न्हाई मामा. कालपासून हितंच उभा हाय."

"मग हे गरम कसं?"

मी टाकी वाजवली. रिकामी. नळ घट्ट बंद, खाली माती कोरडी. तसाच वाडीवर गेलो. माणूस एक नव्हतं. रांगेतल्या समद्या घागरी काठोकाठ भरलेल्या, वाऱ्यानं पाणी हलून राहिलं होतं.

तेव्हापासून रिकाम्या वाडीची खेप मी चुकवत न्हाई. आपण नेला न्हाई, तर तो एकटा जातो.