त्या दिवशी लोक का हसले

—नाही नाही, त्या खुर्चीत नको बसूस, तिचा पाय हलतो, इकडे ये, खिडकीपाशी. साखर किती? तुझा बाप तीन चमचे घ्यायचा आणि डॉक्टरला एक सांगायचा. हं. शुक्रवारी अकरा वाजता, चर्चमध्ये, त्याच्या अंत्यविधीला—कळलं मला, लिंडसे, दोनदा सांगितलंस तू, आणि माझंही उत्तर तेच आहे. मी बोलणार नाही. दुसरं कुणीतरी बघ. क्लबचा सेक्रेटरी आहे, पाद्री आहे, पाद्र्याचं तर कामच ते. माझं काम? हो ग बाई, माझंही कामच होतं बोलायचं—एकतीस वर्षं टीव्हीवर बोललो, दिवसाला आठ-आठ तास, दुसऱ्यांच्या खेळावर. म्हणून तर म्हणतो, पुरे झालं. थकलो मी. माझ्या आवाजाचाच वीट आलाय मला.

जवळचा मित्र, म्हणतेस. होतो ना, नाही कोण म्हणतं? बार्न्सलीच्या खाणकामगारांच्या क्लबात स्नूकरचं एकच टेबल होतं, कापड फाटून फाटून शिवलेलं, त्याच्यावर आम्ही दोघं पंधराव्या वर्षापासून. आणि तुझा बाप, नॉर्मन, माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी कधी छापलं नाही, पण होता. मी काय—एकदा शेवटच्या आठात गेलो, तेवढ्यावर जन्मभर ‘माजी नामवंत खेळाडू’ म्हणून मिरवलो. सदतिसाव्या वर्षी पाठ गेली, लांबचा बॉल धूसर दिसायला लागला, तेव्हा इथल्या पेपरवाल्यांनी विचारलं, लिहिशील का? लिहिलं. पेपरातून टीव्हीवर गेलो. लोकांना आवडलो, कारण मी त्यांना हसवायचो. खेळाडू म्हणून माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती ग फारशी. हसणं आवडायला लागलं मला. चटकच लागली म्हण ना.

तू तेव्हा नऊ वर्षांची, तुला काय आठवणार. शेफील्डला तो सामना होता—आता तू विषय काढलासच तर—काय? नाही काढलास? बरं, मग मीच काढला. शेवटची फ्रेम, टेबलावर फक्त काळा बॉल. पॉकेटात घातला तर नॉर्मन पुढच्या वर्षी मोठ्या खेळाडूंत राहणार, चुकला तर पुन्हा खालून सुरुवात, आणि वय एक्केचाळीस. आम्ही समालोचक वर, काचेच्या खोलीत. आता एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. हॉलमधल्या लोकांना दारात कानात घालायचं एक यंत्र मिळतं, त्यात आम्ही बोलतो ते ऐकू येतं. खेळाडूला नाही—खेळाडू त्या शांततेत एकटाच. म्हणून आमचा नियम, खेळाडू फटक्यासाठी क्यूच्या काठीवर वाकला की तोंड बंद. मीच शिकवायचो हा नियम नव्या पोरांना. मीच!

नॉर्मन क्यूच्या टोकाला खडू लावत होता. लावतोय, लावतोय—त्याची सवयच होती ती, मोठ्या फटक्याआधी पाच-पाच मिनिटं खडू घासणार. मला वाटलं, वेळ आहे. बोललो एक वाक्य. आणि तो नेमका त्याच क्षणी वाकला. नऊशे माणसं, जवळजवळ सगळ्यांच्या कानात मी—सगळी एकदम हसली. खाली तो वाकलेला आणि चारही बाजूंनी हशा! उठला. रेफरी म्हणाला, शांत राहा. आणि नॉर्मननं काय केलं माहितेय? गळ्यातला बो टाय चाचपला. मग हळूच पँटची चेन पाहिली. मग मागे वळून पाहिलं, कोटाला काही चिकटलंय का. वरून दिसत होतं मला सगळं. परत वाकला, आणि हात हलला, हा एवढासा. काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. समोरच्या खेळाडूनं तो नुसता आत ढकलला.

थांब, चहा पी. गार होतोय.

नाही, तेवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी पेपराला माझा लेख द्यायचा होता. काय लिहू? माझ्या तोंडानं घात केला असं लिहू? मी लिहिलं, नॉर्मन हॉलरॉइडचे हात उत्तम आहेत, पण मोठ्या क्षणी छाती पुरत नाही. लोकांना पटलं. पेपरात आलं की पटतंच. वाईट म्हणजे त्यालाही पटलं ग. पुढची दोन वर्षं तो काळा बॉल आला की थरथरायचा, जो झोपेत घालायचा तो बॉल! मग सोडलाच खेळ. गालिच्यांच्या दुकानात लागला, घरोघर गालिचे बसवायला. तुला तो तिथलाच आठवत असणार, गुडघ्याला पट्टे बांधलेला.

नाही, रेकॉर्डिंग त्यानं कधी पाहिलं नाही, हरलेला सामना तो बघायचाच नाही. तुझ्या आईला त्याचे सामने बघवायचेच नाहीत, टीव्ही बंदच ठेवायची. आणि बाकीच्यांना वाटलं, त्याला ठाऊकच असेल. खेळाडूपुढे कोण काढतो असला विषय? त्यानं मात्र मला विचारलं. तीनदा. एकदा गाडीत, घरी येताना—‘क्लिफ, लोक का हसले रे माझ्यावर?’ मी म्हणालो, कुणीतरी शिंकलं असेल. दुसऱ्यांदा तुझ्या आईला पुरलं त्या दिवशी, चर्चमधून येऊन सगळे सँडविचं खात होते तेव्हा, मध्येच. मी म्हणालो, सोड ना, किती जुनं उकरतोस. आणि मार्चमध्ये, हॉस्पिटलात. नळ्या काढून टाकल्या होत्या त्याच्या. मी म्हणालो—मी म्हणालो, मला नाही आठवत. एकोणतीस वर्षं, लिंडसे. धैर्य त्याच्यात नव्हतं असं मी छापलं, आणि खुर्ची त्याच्या खाटेशी ओढून एवढं वाक्य मला बोलवलं नाही. लाज वाटते मला. रोज वाटते.

काय बोललो होतो? ते नको विचारूस. नको म्हणतो ना. —अग, साधं होतं. सकाळी नाश्त्याला तो मला म्हणाला होता, कुणाला सांगू नकोस, पण आज जिंकलो तर पोरीला कुत्र्याचं पिल्लू आणायचं कबूल केलंय, आणि बायकोला अजून पत्ता नाही. सांगू नकोस म्हणाला होता. आणि मी नऊशे लोकांना, घरोघरच्या टीव्हीला सांगितलं—‘हा काळा बॉल गेला की हॉलरॉइडांच्या घरी छोट्या लिंडसेसाठी पिल्लू येतंय, आणि मिसेस हॉलरॉइडना ही बातमी आत्ता आमच्याकडूनच कळतेय.’ बस. त्याला हसले लोक. प्रेमानं हसले ग, माझ्या देखत—बायका डोळे पुसत हसत होत्या, अख्खा हॉल त्या क्षणी त्याच्या बाजूचा झाला होता. त्याच्यावर कुणीच हसत नव्हतं. एवढंच त्याला सांगायचं होतं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. बोल काहीतरी. —काय? शुक्रवारी हेच बोलू? सगळ्यांसमोर? कुणासाठी, लिंडसे? ज्यानं विचारलं होतं तो पेटीत असणार ना. तीनदा विचारून दमला तो. नाही, हात नको लावूस मला. कप तिथंच राहू दे. पावणेबाराची बस आहे तुझी, ऊठ. जा म्हणतो ना.