ट्रेलरमधली रिकामी खुर्ची

तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा होत्या. धाकटी अख्खा सिनेमा बघायला आली होती. थोरलीला त्याआधी लागणारा, दुसऱ्याच सिनेमाचा ट्रेलर तेवढा हवा होता. तो ट्रेलर दूरदेशी राहणाऱ्या तिच्या मुलाने सिनेमातले तुकडे कापून, जोडून बनवला होता; तेच त्याचं काम.

"जाऊबाई, ट्रेलर मोबाईलवरही दिसतो."

"त्यात आवाज कळत नाही गं. त्याचा मागचा ट्रेलर भुताच्या सिनेमाचा होता, तरी अंधाराच्या दृश्यात पोराने खोडकर शीळ टाकली होती. म्हटलं, स्वारी मजेत आहे."

"आणि हा?"

"विनोदी म्हणे. काल एकटीच येऊन पाहिला. धडाधड आपटाआपटी, हशा, आणि मध्येच सगळा आवाज बंद. स्वयंपाकघरातली रिकामी खुर्ची. किती वेळ हलतच नाही."

"सिनेमात असेल तशी."

"असेल. पण हसवायला निघालेला माणूस नेमकी तीच उचलतो?"

"मग फोन करून विचारा की."

"फोनवर म्हणतो, झकास चाललंय."

"मग आज पुन्हा कशाला?"

"काल डोळे भरले, पुढचं दिसलंच नाही. खुर्चीवर कुणी येऊन बसतं का, एवढंच बघायचंय."

खिडकीशी थोरलीने पाकीट उघडलं, पण दोन्ही तिकिटांचे पैसे धाकटीने दिले. सुटे घेताना ती आतल्या माणसाला म्हणाली,

"ट्रेलर वगळू नका हो. आम्ही त्याच्यासाठीच आलोय."